एक काप, दोन आकार : मातीसचं ‘जॅझ’ आणि स्टेन्सिलची शिकवण



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस रंगीत छपाईवर काय बोलणार, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती, ‘नसणं’ ही काही वस्तू आहे का, काम हाताचं की डोक्याचं, हे प्रश्न वर्गात फार कोरडे वाटतात. हातात सुरी आणि कागद घेतला की तेच प्रश्न ओले होतात, असा माझा अनुभव आहे. स्टेन्सिलनं रंगीत मुद्राचित्रं करणं आणि हातानं कापलेल्या कागदांचं कोलाज करणं, या दोन गोष्टी कुणी एकत्र शिकू लागला तर हे तिन्ही प्रश्न पहिल्या आठवड्यातच त्याच्या टेबलावर येऊन बसतात.

या दोन्ही गोष्टींचा सगळ्यात नावाजलेला संगम म्हणजे आंरी मातीसचं ‘जॅझ’ हे १९४७ सालचं पुस्तक. आज मुख्यतः त्याच्याबद्दल बोलायचं आहे. पण संग्राहकाच्या किंवा इतिहासकाराच्या बाजूनं नव्हे, शिकणाऱ्याच्या बाजूनं.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला वाद घालायला सोपं जाईल. ‘जॅझ’ छापून आलं तेव्हा खुद्द मातीस त्यावर नाराज होता. त्याची नाराजी समजण्यासारखी आहे. पण तिच्यावरून लोकांनी असा समज करून घेतला की मूळ कातरकाम हे अस्सल आणि छापील पानं ही त्याची फिकी नक्कल. हा समज मला चुकीचा वाटतो. आणि तो आज ही कला शिकवण्याच्या रीतीत शिरला आहे, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

आता अगदी साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. एक जाड कागद घ्या आणि त्यातून एक पान कापा, पिंपळाचं म्हणा. आता तुमच्याकडे वस्तू किती झाल्या? दोन. एक, कापून निघालेलं पान. आणि दुसरा, पानाच्या आकाराची खिडकी असलेला कागद. पान उचलून दुसरीकडे चिकटवलंत की ते कोलाज. खिडकीचा कागद दुसऱ्या कागदावर ठेवून तिच्यातून रंग लावलात की ते स्टेन्सिल. आपल्याकडे दारातल्या रांगोळीचा छापा असतो, तो याच जातीचा. कात्री एकदाच फिरली, किनारही एकच, पण त्या किनारीवर हक्क दोघांचा.

फरक कुठे पडतो बघा. पान एकदाच चिकटवता येतं. खिडकी शंभरदा वापरता येते. पानाला जाडी असते, त्याची बारीकशी सावली पडते. खिडकीतून आलेल्या रंगाला नाव घेण्यासारखी जाडी नसते, तो कागदाशी एकजीव होतो. पान चिकटवण्यापूर्वी हवं तसं सरकवता येतं, निर्णय शेवटपर्यंत लांबवता येतो. स्टेन्सिलमध्ये मात्र निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण दुसऱ्या रंगाची खिडकी पहिल्या रंगाशी जुळायलाच हवी. म्हणजे एकाच कापातून दोन वेगवेगळे स्वभाव निघतात. एक घोळवत बसणारा, दुसरा आधी ठरवून मग हलणारा.

पुढची पायरी. आता पानाऐवजी अक्षर कापा. ‘ठ’ कापून बघा. कापता कापता ‘ठ’च्या पोटातला गोल खाली पडतो, आणि खिडकीत ‘ठ’ न राहता एक ठोकळा राहतो. ‘व’चं तेच, ‘ब’चं तेच. म्हणून धान्याच्या पोत्यांवर किंवा लाकडी खोक्यांवर स्टेन्सिलनं मारलेली अक्षरं तुम्ही नीट पाहिलीत तर ती मधेमधे तुटलेली दिसतील. त्या तुटलेल्या जागा म्हणजे पोटातल्या बेटाला धरून ठेवणारे पूल. बेट आणि पूल हे या कलेचं पहिलं व्याकरण. जपानमध्ये कापड छापण्यासाठी कातागामी नावाची कागदी स्टेन्सिलं करत. तुतीच्या सालीचा कागद, त्याचे थर कच्च्या पर्सिमनच्या तुरट रसानं एकमेकांना चिकटवलेले. नक्षी इतकी नाजूक की पूल ठेवले तर ती बिघडावी. मग तिथल्या कारागिरांनी कागदाच्या दोन पातळ थरांमध्ये रेशमाचे धागे अंथरले. बेटं धाग्यांवर तरंगत राहिली, आणि धागा इतका बारीक की रंगात त्याची खूण उमटू नये. एका अडचणीतून एवढी मोठी परंपरा उभी राहिली.

इथे मला माझ्या विषयाचा एक शब्द वापरायची परवानगी द्या. न्याय-वैशेषिकांनी ‘अभाव’ हा पदार्थ मानला. पुढच्या वैशेषिकांनी तर त्याला सातवा पदार्थ म्हणून पंक्तीत बसवलं. ‘जमिनीवर घट नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा आपण नुसती जमीन पाहत नसतो, घटाचं नसणंही जाणत असतो. हे नसणं मोघम नसतं. ते कशाचं तरी असतं, आणि कुठे तरी असतं. ज्याचं नसणं, तो त्या अभावाचा प्रतियोगी. जिथे नसणं, ते त्याचं अधिकरण. विद्यार्थ्यांना हे शिकवताना घाम फुटायचा. स्टेन्सिलची खिडकी हा त्याचा हातात धरता येणारा नमुना आहे. कागद हे अधिकरण, पडलेलं पान हा प्रतियोगी, आणि खिडकी हे त्या पानाचंच नसणं, दुसऱ्या कशाचं नाही. त्यातून रंग दाबला की नसलेलं पान कागदावर येतं. अभाव काम करतो, हे इथे डोळ्यांना दिसतं.

तुम्ही म्हणाल, हे शब्दांचे खेळ झाले. पण शिकणाऱ्याला याचा रोखठोक उपयोग आहे. नवशिका नेहमी पानाकडे बघत कापतो, कारण त्याला पान हवं असतं. स्टेन्सिल कापणाऱ्याला उरणाऱ्या कागदाकडे बघत कापावं लागतं. निवृत्तीनंतर काही महिने मी एका लहानशा स्टुडिओत हे शिकायला जात होतो. तिथे शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिचं पहिलं वाक्य होतं, “सर, सुरी नका फिरवू, कागद फिरवा.” आणि दुसरं, “जे पडणार आहे ते विसरा. जे राहणार आहे त्याची काळजी घ्या.” दुसऱ्या वाक्यावर मी आठवडाभर विचार करत होतो.

बाकीची शिस्तही त्याच वळणाची. ब्रश आखूड केसांचा आणि जवळजवळ कोरडा हवा. रंग ओढायचा नाही, उभ्या ब्रशनं टिपत टिपत बसवायचा. ओला राहिला की तो खिडकीच्या कडेखालून आत पळतो आणि किनार फुटते. दर रंगाला वेगळी स्टेन्सिल. कागदाच्या कोपऱ्यांवर खुणा, म्हणजे दुसरा रंग पहिल्याच्या जागी अचूक बसेल. शेजारच्या रंगांना केसभर एकमेकांवर चढू द्यायचं, नाहीतर मधे पांढरी फट उघडी पडते. एका रंगानंतर दुसऱ्यासाठी थांबायचं, कारण ओल्यावर ओलं चढवलं की दोन्ही जातात. यातलं काहीही अवघड नाही, आणि एकही गोष्ट टाळता येत नाही.

हीच शिस्त फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत फार वरच्या दर्जाला पोहोचली. तिला तिथे पोश्वार म्हणतात. पोश्वार म्हणजे स्टेन्सिलच. १९१३ मध्ये ब्लेझ सांद्रार या कवीची ट्रान्स-सायबेरियन रेल्वेवरची दीर्घ कविता आणि सोनिया दलोने या चित्रकर्तीचे रंग एकाच, सुमारे दोन मीटर लांबीच्या घडीच्या कागदावर आले, ते रंग पोश्वारनं लावलेले होते. १९२५ मध्ये जाँ सोदे या पोश्वारच्या उस्तादानं या तंत्रावर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. कामाची वाटणी ठरलेली असे. एक जण मूळ चित्र पाहून ते किती रंगांत आणि किती खिडक्यांत फोडायचं हे ठरवी. दुसरा जस्ताचे, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे कापी. आणि मग रंग लावणारे हात, दर पानावर, दर रंगाला, एकेक करून. फॅशनची चित्रं, फर्निचरचे नमुने, कवितांची देखणी पुस्तकं असं पुष्कळ काम या कार्यशाळांतून निघालं.

आता मातीसकडे येऊ. १९४१ च्या जानेवारीत, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण पुढचं आयुष्य बरंचसं बिछान्यात आणि चाकाच्या खुर्चीत गेलं. ईझलपुढे तासन्‌तास उभं राहणं संपलं. मदतनीस कागदावर ग्वाश रंगाचे सपाट हात मारून ठेवत, आणि मातीस ते कागद कात्रीनं कापून आकार करी. कात्री तो आधीही वापरत होता, पण चित्राची जुळवणी ठरवण्याचं एक साधन म्हणून. आता तेच चित्र झालं. रंगात थेट कापत जाणं त्याला शिल्पकारानं दगडातून थेट कोरण्यासारखं वाटे. हे त्यानं ‘जॅझ’मध्येच सांगितलं आहे.

तेरियाद हा मूळचा ग्रीक, पॅरिसमधला प्रकाशक. त्याच्या आग्रहावरून १९४३ च्या सुमारास या कातरकामांचं पुस्तक करायचं ठरलं. विषय सर्कशीभोवतीचे, आणि म्हणून आधी मनात नावही सर्कशीचंच होतं. विदूषक, झोक्यावरचे कसरतपटू, तलवार गिळणारा, सुऱ्या फेकणारा, मग इकारस, आणि शेवटाकडे १९३० च्या ताहितीच्या प्रवासातून आठवलेली खाडी. सगळी मिळून वीस चित्रं. हे काम चाललं तो काळही ध्यानात ठेवा. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये मातीसच्या बायकोला आणि मुलीला प्रतिकार चळवळीतल्या कामासाठी गेस्टापोनं पकडलं. सर्कशीच्या या रंगांमागे हे सगळं आहे.

पुस्तक निघालं १९४७ च्या सप्टेंबरअखेर. २५० प्रती विक्रीसाठी, वीस विक्रीबाहेरच्या, आणि शिवाय मजकुराविना नुसत्या चित्रांचे शंभर संच. चित्रं पोश्वारनं केली एदमों वेरेल याच्या हाताखाली. आणि रंगही मातीसनं आपल्या कागदांना वापरलेलेच, लिनेल या कंपनीचे ग्वाश. चित्रांच्या मधे मातीसच्या स्वतःच्या मोठ्या, ब्रशनं लिहिलेल्या अक्षरात मजकुराची पानं. हा मजकूर डोळ्यांना रंगांमधला विसावा म्हणून आहे, अशी त्याची भूमिका होती. म्हणजे वाचण्यापेक्षा बघण्यासाठी लिहिलेलं.

आणि एवढं सगळं जमून आल्यावर मातीसनं आपल्या आंद्रे रुव्हेर या मित्राला पत्रातून कळवलं ते असं, की हे फसलं. भिंतीवर जे आकार जिवंत वाटत होते ते पुस्तकात गेले आणि त्यांची संवेदनशीलता गेली, असा त्याचा सूर होता.

काय गेलं होतं? जाडी गेली होती. कापलेल्या कागदाची कड, तिची सावली, एक तुकडा दुसऱ्यावर चढताना पडणारी बारीक पायरी, रंगवताना राहिलेले ब्रशचे फराटे. मूळ कातरकामं आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात आहेत, आणि २०१४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मातीसच्या कातरकामांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा ती छापील पानांसोबत पाहायला मिळाली. दोन्ही जवळजवळ ठेवली की फरक कुणालाही दिसेल. तेव्हा तक्रार खोटी नाही.

पण तक्रार खरी असणं आणि तिच्यावरून काढलेला निकाल खरा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाडी हा कोलाजचा गुण आहे. तो स्टेन्सिलमध्ये शोधणं म्हणजे भाकरीत पुरणपोळीचा गोडवा शोधणं. विचारायचा प्रश्न असा की जाडी गेल्यावर त्या जागी काय आलं. तीन पानं घेऊन बोलू.

पहिलं पान ‘इकारस’चं. निळं आकाश, त्यात काळी मानवाकृती, भोवती पिवळ्या चांदण्या, आणि छातीत एक लहान लाल ठिपका. कोलाजमध्ये काळा कागद निळ्याच्या वर बसतो. माणूस आकाशाच्या पुढे आहे, तो पडतो आहे. छापात काळा आणि निळा एकाच पातळीवर आले. आता ती आकृती जितकी माणसाची आहे तितकीच ती आकाशाला पडलेल्या माणसाएवढ्या खिडकीची आहे. माणूस पडून गेला आणि त्याचं नसणं आकाशात राहिलं, असंही ते पान वाचता येतं. युद्धाच्या काळात केलेल्या चित्राला हा दुसरा अर्थ शोभतो की नाही हे तुम्हीच ठरवा. मला तो अर्थ मूळ कातरकामापेक्षा छापात जास्त लख्ख दिसतो, कारण तिथे ‘पुढे’ आणि ‘मागे’ सांगणारी सावलीच नाही.

दुसरं पान ‘आकार’ या नावाचं. डावीकडे निळ्यावर पांढरं स्त्रीचं धड, उजवीकडे पांढऱ्यावर निळं. एकच काप दोन बाजूंनी दाखवावा तसं. आपण सुरुवातीला पिंपळाच्या पानाचं जे केलं तेच हे. आता हे कोलाज म्हणून बघायला गेलं तर कागद चुगली करतो. कोणता तुकडा वर आहे, कोणता खाली, हे कड सांगून टाकते, आणि मग एक आकार ‘वस्तू’ ठरतो आणि दुसरा ‘पार्श्वभूमी’. छापात दोन्ही धडांना सारखाच दर्जा मिळतो. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर इथे अन्योन्याभाव आहे. निळं म्हणजे पांढरं नव्हे आणि पांढरं म्हणजे निळं नव्हे, एवढ्यावरच दोघं उभे आहेत. हे पान छापातच पूर्ण होतं, असं माझं मत आहे.

तिसरं उदाहरण शेवटाकडच्या ‘खाडी’च्या तीन पानांचं. शेवाळासारखे, प्रवाळासारखे आकार. यात वस्तू कोणती आणि पाणी कोणतं हे शोधत राहावं लागतं. पाण्याखाली डोळे उघडल्यावर अंतराचा अंदाज जातो, तसा. इथेही सपाटपणा चित्राच्या बाजूनं उभा राहतो.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर वकिली होईल. जिथे चित्र तुकड्यांच्या चढाओढीवर उभं आहे, जिथे एक कागद दुसऱ्याला ढकलतो आहे असं वाटायला हवं, तिथे छाप थोडा मवाळ होतो. सुऱ्या फेकणाऱ्याचं पान मला असं वाटतं. एका बाजूला फेकणारा, दुसऱ्या बाजूला निश्चल उभी बाई. त्या दोघांमधला ताण कागदाच्या कडेनं अजून धारदार झाला असता. इथे मातीसची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

आता अस्सल आणि नक्कल. वॉल्टर बेन्यामिननं १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनावर जो निबंध लिहिला, तो अशा चर्चेत लगेच पुढे केला जातो. यंत्रानं प्रती काढल्या की कलाकृतीचं तेजोवलय जातं, इत्यादी. पण ‘जॅझ’ला हा निबंध नीट लागू पडत नाही, कारण इथली चित्रं यंत्रानं छापलेली नाहीत. जरा हिशेब करू. पुस्तकाच्या २७० प्रती आणि शंभर संच, म्हणजे ३७०. प्रत्येकी वीस चित्रं, म्हणजे ७,४०० पानं. एका पानाला चार रंग धरले तर जवळपास तीस हजार वेळा कुणीतरी पत्रा ठेवला, खुणा जुळवल्या, ब्रश टिपला आणि पत्रा उचलला. याला यांत्रिक म्हणायचं असेल तर रोज पन्नास पोळ्या लाटणाऱ्या बाईलाही यंत्र म्हणावं लागेल.

नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाचं म्हणणं इथे जास्त उपयोगी आहे. १९६८ च्या ‘कलांच्या भाषा’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात त्यानं अशा कलांचा विचार केला, ज्या दोन टप्प्यांत पूर्ण होतात. कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप हा पत्र्याची नक्कल नसतो. त्या पत्र्यावरून निघालेला प्रत्येक छाप अस्सलच. हे मान्य केलं तर ‘जॅझ’च्या बाबतीत पत्रे कोणाचे? वेरेलच्या माणसांनी कापलेले. मातीसची कात्री आकार शोधत फिरली. आधी रेघ मारलेली नव्हती, कापता कापता आकार सापडला. पत्रा कापणाऱ्याची सुरी सापडलेल्या आकारामागून गेली. गुडमनच्या चौकटीत या दुसऱ्या सुरीला सरळ जागा सापडत नाही, आणि इथेच खरी अडचण आहे. दुसरी सुरी कमी दर्जाची, असं आपण न बोलता धरून चालतो.

का धरतो? कारण अनुसरण म्हणजे बुद्धीचं काम नव्हे, अशी आपली समजूत. पण ज्यानं एकदा तरी दुसऱ्यानं कापलेली वळणदार कड तिसऱ्याच वस्तूत, पत्र्यात, पुन्हा उतरवायचा प्रयत्न केला आहे त्याला माहीत आहे की तिथे दर मिलिमीटरला निर्णय असतो. कात्री जिथे अडखळली ती अडखळ ठेवायची की सरळ करायची? ती ठेवली तर माणसाचा हात दिसतो, सरळ केली तर आकार स्वच्छ होतो. मूळ कागदावर फिकट-गडद झालेला ग्वाश इथे एकसारखा करायचा की तसाच ठेवायचा? वेरेल आणि त्याच्या माणसांनी हे निर्णय घेतले. पुस्तकात वेरेलचं नाव दिलेलं आहे, ही मातीस आणि तेरियाद यांची सचोटी. पण ज्यांनी ब्रश टिपले ते हात निनावीच राहिले. त्यांच्याशिवाय ‘जॅझ’ म्हणजे स्टुडिओतले वीस कागद होते, जे जगातल्या मोजक्या लोकांनी पाहिले असते.

आता मी ज्याच्यासाठी एवढी पायवाट केली त्या मुद्द्याकडे येतो. आज शाळांतून आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळांतून ‘मातीससारखं कातरकाम’ हा फार लोकप्रिय पाठ आहे. मुलांना रंगीत घोटीव कागद वाटतात, मासे, पानं, शेवाळं कापायला लावतात, तासाभरात चिकटवून मोकळे. मुलांचा आनंद मला कमी लेखायचा नाही. पण ज्यासाठी ही कला शिकावी ते नेमकं या पाठातून गळतं. रंग मुलांनी केलेला नसतो, तो दुकानातून येतो. मातीसकडे रंग आधी आणि आकार नंतर असं होतं. तुकडे लावून, सरकवून, दिवसेंदिवस बघत राहणं यात नसतं. उरलेला कागद, म्हणजे खिडकी, सरळ केराच्या टोपलीत जातो. आणि शेवटी, तो आकार छापात कसा उतरेल हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण छाप म्हणजे नक्कल हे आधीच ठरलेलं असतं. मातीसची नाराजी न वाचताही आपण तिचे वारसदार झालेलो आहोत.

आपल्याकडे तर हा पूर्वग्रह दारातच भेटतो. ठिपके काढून हातानं घातलेली रांगोळी ती खरी, आणि छाप्यानं काढलेली ती आळशाची. “छाप्याची आहे होय!” या तीन शब्दांत सगळा निकाल येतो. छापा टेकवून भुकटी चाळणाऱ्या हातात वेगळं कसब असतं हे सोडाच, पण तो छापा कुणी कापला, नक्षीत पूल कुठे ठेवले, मोराच्या डोळ्याचं बेट कसं धरलं, हे आपण कधी पाहतही नाही. मथुरा-वृंदावनात सांझी नावाची कागद कापून स्टेन्सिल करण्याची कला देवळांच्या आश्रयानं वाढली. तिथे कापलेला कागदही कलाकृती मानतात, त्यातून पडलेली रंगीत भुकटी मात्र पुसली जाते. तिथे मान खिडकीलाही आहे. तेव्हा ‘हाताचं ते खरं, छाप्याचं ते खोटं’ हा काही निसर्गनियम नाही. ती एक सवय आहे, आणि सवयी शिकवण्यानंच बदलतात.

आता संगणकावर आकार काढला की यंत्र स्टेन्सिल कापून देतं. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या वयात थरथरत्या हाताला ते वरदानच आहे. पण शिकणाऱ्यानं पहिली दहा-वीस स्टेन्सिलं हातानं कापावीत. बेट पडल्याशिवाय पूल का लागतो ते समजत नाही, आणि किनार फुटल्याशिवाय ब्रश कोरडा का हवा ते समजत नाही. यंत्र उत्तर देतं, पण प्रश्न आपल्याला पडलेलाच नसतो. माझ्या विषयातही असंच आहे. ज्याला शंका आली नाही त्याला सिद्धान्त सांगून काय उपयोग?

जाता जाता, ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी एक अभ्यास सुचवतो. थोडे कागद, ग्वाश, ब्रश, गोंद आणि एक सुरी एवढ्यावर होईल. आधी एक कागद स्वतः रंगवा आणि वाळू द्या. त्यातून एकच आकार कापा, आधी पेन्सिलीनं न काढता. निघालेला तुकडा एका पांढऱ्या कागदावर चिकटवा. राहिलेली खिडकी त्याच रंगानं दुसऱ्या पांढऱ्या कागदावर उतरवा. मग तो छाप वाळल्यावर पहिल्या तुकड्याशेजारी ठेवा. आता एकाच किनारीचे दोन भाऊ शेजारी बसलेले दिसतील, एक जाडीचा आणि एक बिनजाडीचा. त्यांच्याकडे थोडा वेळ बघा. कोणता अस्सल, हा प्रश्न तेव्हाही सुटणार नाही. पण तो किती घाईनं विचारला जातो, एवढं नक्की कळेल.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, आणि पहिल्या रांगेतल्या चित्रकार मंडळींच्या कपाळावरच्या आठ्या मला इथून दिसताहेत. तेव्हा थांबतो.